तीस सेकंदांत शब्द ओळखवायचा: घरच्या घरी मराठी आर्टिक्युलेट

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मेगाब्लॉक होता, वरून धो धो पाऊस, आणि आमच्या मुलुंडच्या घरात जेवायला आलेली अकरा माणसं. जेवण झालं, आईस्क्रीम झालं, भेंड्या सुरू झाल्या आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी ‘ण’ दिल्यावर भांडणं होऊन बंद पडल्या. आणि सात वाजेपर्यंत डोंबिवलीवाले कुठे हलणार नव्हते. तेव्हा नणंदेने बॅगेतून एक बॉक्स काढला, तिच्या लंडनच्या मैत्रिणीने दिलेला, ‘आर्टिक्युलेट’ नावाचा. खेळ एकदम सोपा, कार्डावरचा शब्द न उच्चारता आपल्या टीमला ओळखवायचा, तीस सेकंदांत जेवढे होतील तेवढे. पण कार्डांवर कुठल्या कुठल्या ब्रिटिश काऊंट्या आणि तिकडचे टीव्हीवाले. तिसऱ्या खेळीला सासूबाई चहा टाकायला म्हणून उठल्या त्या परत आल्याच नाहीत, आणि सासरे पेपर घेऊन बसले.

मग आम्ही कार्डं स्वतः बनवली, मराठीत. आता वर्ष होत आलं, दर दोन-तीन आठवड्यांनी खेळतो, आणि ज्याला सांगते तो विचारतो की नक्की कसं करायचं, म्हणून हे एकदाच सगळं लिहून टाकतेय. ज्यांनी कधीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे अगदी पहिल्यापासून.

मूळ खेळ काय आहे

आर्टिक्युलेट हा ब्रिटिश खेळ आहे, अँड्र्यू ब्राइसेसन यांनी बनवला आणि १९९२ साली बाजारात आला. प्रत्येक कार्डावर सहा शब्द, सहा प्रकारचे: वस्तू, निसर्ग, व्यक्ती, क्रिया, जग आणि काहीही. ‘काहीही’ म्हणजे खरंच काहीही, जे बाकीच्या पाचात बसत नाही ते. बोर्डावर गोल फिरणारा रस्ता, प्रत्येक घराला एक प्रकार दिलेला, तुमची सोंगटी ज्या घरावर उभी आहे त्या प्रकारचेच शब्द तुम्ही सांगायचे. वाळूचं घड्याळ उलटं केलं की सुरू, वाळू संपली की थांबायचं, जितके शब्द ओळखले तितकी घरं पुढे. बस.

ह्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे ‘टॅबू’, तो १९८९ चा, त्यात कार्डावर एकच शब्द असतो आणि खाली पाच शब्द बंदी घातलेले. म्हणजे तुम्हाला ‘समुद्र’ सांगायचाय पण पाणी, लाटा, खारट, किनारा, मासे ह्यातलं काहीच बोलायचं नाही. तो पण मस्त आहे पण नवख्यांनी त्याने सुरुवात करू नका, आणि घरी कार्डं बनवायला तर तो फारच कटकटीचा, प्रत्येक शब्दाला पाच बंद्या शोधत बसा.

आधी माणसं मोजा

कमीत कमी चार. दोन-दोनच्या दोन टीम. आठ-दहा असतील तर तीन टीम करा पण एका टीममध्ये चारच्या वर नको, कारण मग दोन जण ओरडतात आणि बाकीचे वेफर्स खातात.

नवराबायकोला एका टीममध्ये टाकायचं का, हा वादाचा मुद्दा. माझं मत, पहिल्या दिवशी नको. एकतर ते खूप जिंकतात किंवा खूप भांडतात, दोन्ही बाकीच्यांना त्रासदायक. आणि प्रत्येक टीममध्ये वयाची मिसळ ठेवा. आमच्याकडे एकदा सगळी कॉलेजवाली पोरं एका बाजूला आणि मोठी माणसं दुसऱ्या बाजूला बसली होती, पोरांना ‘उखळ’ आलं आणि तीस सेकंद नुसती शांतता. नंतर मोठ्यांना ‘मीम’ आलं. तिकडे पण शांतताच, फक्त जरा रागावलेली.

सामान

बोर्डासाठी एक चार्ट पेपर. त्यावर गोगलगायीसारखा गोल गोल रस्ता काढा आणि ४२ घरं पाडा, सहा प्रकार ओळीने सात वेळा. रंगीत पेन असतील तर प्रकाराला एक रंग. दर आठ-दहा घरांनी एक घर काळं करा, ते कशाला ते पुढे सांगते.

सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं, कॅरमच्या सोंगट्या, काहीही. घड्याळासाठी वाळूचं मिळालं तर छान, खेळण्यांच्या दुकानात सुटं मिळतं, पण आमचं दुसऱ्याच आठवड्यात भाच्याने फोडलं तेव्हापासून मोबाईलवर चालू आहे. फक्त मोबाईल फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन बाविसाव्या सेकंदाला लोन पाहिजे का म्हणून फोन येतो आणि मग ती खेळी परत घ्यायची की नाही ह्यावर अर्धा तास.

आणि एक स्टीलचं ताट आणि चमचा. चूक झाली की समोरच्या टीमने वाजवायचं. रात्री साडेदहानंतर हे बंद करा, आमच्या खालचे काका एकदा वर आले होते. ते नंतर खेळायलाच बसले ही गोष्ट वेगळी.

कार्डं, म्हणजे खरी मेहनत

पुठ्ठा विकत आणायची गरज नाही. घरात जुन्या लग्नपत्रिका असतातच, कोणी टाकत नाही कारण गणपतीचं चित्र असतं. चित्राचा भाग बाजूला ठेवा, आतल्या कोऱ्या जाड कागदाचे व्हिजिटिंग कार्डाएवढे तुकडे कापा. नसतीलच तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरीची होलसेल दुकानं आहेत, तिथे कार्डपेपरचा गठ्ठा स्वस्तात पडतो, पण त्यासाठी मुद्दाम जाऊ नका, गेलात की आणखी चार पिशव्या घेऊन परत येता.

किती कार्डं? हिशोब असा. साधारण नवखी टीम एका खेळीत चार शब्द काढते. ४२ घरं म्हणजे एका टीमला दहा-अकरा खेळ्या, दोन टीमचे मिळून ऐंशी-नव्वद शब्द, अधिक सोडलेले आणि चुकलेले. प्रत्येक शब्दाला एक कार्ड जातं. म्हणजे शंभर कार्डं पुरतात, आणि प्रत्येकावर सहा शब्द असल्यामुळे तीच शंभर फेटून पुन्हा वापरली तरी बहुतेक वेळा वेगळाच शब्द वाट्याला येतो. सहाशे शब्द एकट्याने लिहू नका, वेड लागेल. प्रत्येकाला दहा-दहा कोरी कार्डं वाटा.

शब्द कसे निवडायचे ह्यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. ‘टेबल’, ‘झाड’, ‘पाणी’ लिहिलं तर मजा नाही, आणि ‘अस्मिता’ किंवा ‘सापेक्षतावाद’ लिहिलं तर लिहिणाऱ्याला सोडून कोणालाच मजा नाही. टीममधल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शब्द माहीत हवा, पण सांगताना जरा घाम यायला हवा. वस्तूंमध्ये स्वयंपाकघर म्हणजे खजिना आहे, सोऱ्या, किसणी, परात, विळी, खलबत्ता, गाळणी. क्रियांमध्ये उसवणे, चाळणे, कुरकुरणे, लटकणे (हा मुंबईत कोणालाही दोन सेकंदात येतो, दरवाज्याला काय करतो म्हटलं की झालं). जग म्हटलं म्हणजे अमेरिका-जपानच हवं असं नाही, घारापुरी, माथेरान, राजाबाई टॉवर, कसारा घाट हे सगळं जगच. निसर्गात खंड्या, अळू, भरती, गारा. व्यक्तींमध्ये जिवंत-मृत कोणीही चालेल, पण सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव लिहू नका, आम्ही लिहिलं होतं, खूप हसलो पण बाहेरच्या पाहुण्याला काय कळणार.

एकाच वस्तूला दोन नावं असतील तर दोन्ही लिहा. आमच्याकडे ज्याला कालथा म्हणतात त्याला माझ्या जावेच्या माहेरी उलथनं म्हणतात आणि तिसऱ्या कोणी सराटा म्हटलं. तिघींनाही आपलंच बरोबर वाटत होतं. आता कार्डावर तिरकी रेघ मारून सगळी नावं, कुठलंही म्हटलं तरी मार्क.

नियम, खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्याने वाचायचे

शब्द किंवा शब्दाचा तुकडा बोलायचा नाही. ‘पावसाळा’ असेल तर ‘पाऊस’ गेला, ‘घरजावई’ असेल तर घर पण गेलं आणि जावई पण. यमक जुळवायचं नाही, ‘परातसारखं, पण व ने सुरू होतं’ असलं काही नाही, पहिलं अक्षर सांगणं बंद. हे सगळं बॉक्सच्या नियमातच आहे.

मराठीत खेळताना एक नियम आपला घालावा लागतो आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाषांतर बंद. नाहीतर मुंबईत हा खेळ तीन मिनिटांत मरतो, कारण आपण सगळे तीन भाषा एकत्र कालवून बोलतो, ‘कुलूप’ आलं की कोणीतरी ‘लॉक’ म्हणतो, समोरचा ‘कुलूप’ म्हणतो, झालं, ह्याच्यात ओळखलं काय? ‘किल्लीने उघडतं, बाहेर जाताना लावतो’ असं सांगा. बाकी वाक्यात इंग्लिश-हिंदी शब्द आले तरी हरकत नाही, बस, ट्रेन, फ्रीज, टेन्शन हे कोण मराठीत बोलतंय. फक्त कार्डावरच्या शब्दाचा थेट इंग्लिश किंवा हिंदी प्रतिशब्द नको. पहिल्या दिवशी निम्मी ताटं ह्याच नियमावर वाजतात, तोंडून निघूनच जातं.

हात मागे. आमच्याकडे हा नियम मामांमुळे आला, त्यांनी ‘लाटणे’ नुसतं करून दाखवलं. हातवाऱ्यांचा खेळ खेळायचा असेल तर दमशेराज आहेच की.

ओळखणाऱ्याच्या बाबतीत जरा ढिलं सोडा. ‘उसवणे’ आहे आणि तो ‘उसवलं’ म्हणाला तर मार्क द्या, एकवचन-अनेकवचनाला द्या. पण ‘आरसा’ ला ‘दर्पण’ म्हणाला तर नाही, सांगणाऱ्याने ‘रोज म्हणतो तो शब्द’ असं म्हणून पुढे ढकलायचं. आणि ओळखणाऱ्यांना हवं तितकं ओरडू द्या, चुकीच्या उत्तराला दंड नाही. हे नवख्यांना दोनदा सांगा कारण मराठी माणूस चुकेल म्हणून गप्प बसतो, शाळेतली सवय.

पास एकाच खेळीत एकदाच. चुकून शब्द बोललात तर ते कार्ड बाद, पुढचं घ्या, वेळ थांबत नाही. आणि सांगणारा दर खेळीला बदलायचा, एकच हुशार माणूस कायम सांगायला बसला असं करू नका.

आता खेळी कशी चालते

समजा तुमची सोंगटी ‘निसर्ग’ वर आहे. तुम्ही गठ्ठा हातात धरता, समोरच्या टीममधला एक जण तुमच्या मागे उभा राहून कार्ड वाचतो (हा राखणदार, ताट ह्याच्याकडे), दुसरा घड्याळ लावतो. सुरू. पहिलं कार्ड, निसर्गाचा शब्द, सांगा, ओळखलं की कार्ड खाली टाका, लगेच पुढचं. वेळ संपल्यावर खाली पडलेली कार्डं मोजा. पाच असतील तर पाच घरं पुढे, आणि जिथे पोचलात तो प्रकार तुमच्या पुढच्या खेळीला.

काळ्या घरावर आलात तर ती खेळी सगळ्यांची. सांगणारा तुमचाच, पण एकच शब्द, वेळ नाही, आणि सगळ्या टीमनी ओरडायचं. ज्यांनी आधी बरोबर सांगितलं त्यांना पुढची खेळी. बॉक्समध्ये एक फिरकी पण असते, काही घरांवर आलं की फिरवायची आणि त्यातून स्वतः दोन-तीन घरं पुढे जा किंवा दुसऱ्याला मागे ढकला. आम्ही ती गाळली, मागे ढकललेल्या काकू दोन दिवस बोलत नव्हत्या.

सांगायचं कसं

इथे थोडं बसून वाचा, कारण बाकी सगळं कोणीही अर्ध्या तासात शिकतो.

नवखा माणूस व्याख्या करायला जातो. ‘सोऱ्या’ आलं तर, ‘स्वयंपाकघरातलं एक पितळी किंवा ॲल्युमिनियमचं उपकरण, ज्याच्यामध्ये पीठ घालून…’ दहा सेकंद गेले. ‘दिवाळी, चकली कशात पाडतो?’ दोन सेकंद. शब्दकोशाला काय वाटतं त्याच्याशी आपल्याला घेणं नाही, समोर बसलेल्या माणसाच्या डोक्यात तो शब्द कुठल्या कप्प्यात ठेवलाय तेवढा कप्पा उघडायचा.

त्यामुळे तुम्हाला माहीत आहे ते सांगून उपयोग नाही, त्याला काय माहीत आहे ते सांगा. माझ्याकडे एकदा ‘तामण’ आलं, मी हुशारी करत म्हटलं, ‘महाराष्ट्राचं राज्यफूल!’ शंभर टक्के बरोबर, आणि समोर चार चेहरे कोरे. मग गुलमोहर, कमळ, जास्वंद, सगळं झालं, वेळ संपली. ‘उन्हाळ्यात रस्त्यावर जांभळं फुलतं ते झाड’ म्हटलं असतं तर नणंदेला आलं असतं, तिच्या ऑफिसच्या गेटवरच आहे. तसंच ‘सावित्रीबाई फुले’ ला ‘१८४८, पुणे, मुलींची शाळा’ म्हटलं की कोणालाही येतं, तिथे साल सांगून फायदा आहे कारण ते सगळ्यांनी शाळेत घोकलंय. ‘सुनील गावसकर’ ला भाच्याने ‘लिटल मास्टर’ म्हटलं, अर्धी टीम सचिन सचिन करत सुटली. ‘टेस्टमध्ये दहा हजार रन्स पहिल्यांदा कोणी केल्या’ म्हटलं की सासरे पेपरमागून सुद्धा उत्तर देतात.

मोठ्यावरून छोट्याकडे या. पहिल्या दोन शब्दांत प्रांत ठरवून टाका: ‘पक्षी’, ‘भांडं’, ‘मुंबईतली जागा’. मग एकच खूण. ‘पक्षी, निळा, मासे मारतो’, खंड्या. ‘मुंबईतली जागा, बोटीने जातो, लेणी’, घारापुरी. ‘टॉवर, युनिव्हर्सिटी, घड्याळ’, राजाबाई टॉवर, पण ह्यात टॉवर म्हटलंत, ताट वाजलं, कारण तो शब्दाचा तुकडा आहे. अशा जागी सगळे पडतात, मी पण.

म्हणी वापरा! मराठीत ह्याच्याइतकं जलद हत्यार नाही आणि सुरुवातीला कोणाला सुचतच नाही. ‘नाचता येईना…’ म्हणून थांबा, अख्खी टीम ‘अंगण’ म्हणून ओरडते. ‘कोल्ह्याला आंबट काय?’ द्राक्षं. ‘उंटावरून काय हाकतात?’ शेळ्या. आमच्या सासूबाई ज्या पहिल्या दिवशी चहा टाकायला पळाल्या होत्या त्या आता एका खेळीत आठ शब्द काढतात, सगळे म्हणींवर, आणि कॉलेजच्या पोरांना अर्ध्या म्हणी माहीत नसतात म्हणून त्यांना त्या आपल्या टीममध्ये घेतच नाहीत.

दुसरी युक्ती, एका शब्दाचे अनेक अर्थ. ‘माठ’ आला तर, ‘पाणी गार राहतं, पालेभाजी पण असते, आणि बिनडोक माणसाला पण म्हणतात’. तीन बाजूंनी घेरलं की सुटत नाही. ‘पान’, ‘नाव’, ‘वर’, ‘निवडणे’ (तांदूळ आणि आमदार, दोन्ही) असले शब्द आले की खूश व्हायचं.

अडकलात तर तेच वाक्य मोठ्याने परत म्हणू नका. हे सगळेच करतात, ‘अरे तेच, तेच, जे मी म्हणतेय ते!’ एका खुणेने नाही आलं तर ती सोडा, पूर्ण दुसऱ्या दिशेने या. आणि टीम जवळ आली असेल तर तिच्याच उत्तराला धरा, कोणी ‘चाळण’ म्हणालं आणि हवंय ‘गाळणी’, तर ‘पिठाची नाही, चहाची’. पाच-सहा सेकंदात काहीच हललं नाही तर पास टाका, अहंकार ठेवू नका.

ओळखणाऱ्यांना एकच सांगणं: सांगणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघू नका.

शेवटचं घर

शेवटच्या घरावर पोचलात म्हणजे जिंकलात असं नाही. तिथे काळ्या घरासारखीच खेळी, एक शब्द, सगळ्यांनी ओरडायचं, आणि तुमच्याच टीमने आधी ओळखला तरच जिंकलात. नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत तिथेच बसा आणि मागचे येऊन पोचतात.

म्हणजे इथे सगळं उलटं. इतका वेळ सगळ्यात सोपी खूण शोधत होतात, आता सोपी खूण दिली तर समोरचे पण ओळखणार. आता अशी हवी जी तुमच्या माणसालाच कळेल. गेल्या महिन्यात नणंद आणि माझा नवरा एका टीममध्ये, शेवटचं घर, शब्द आला ‘मांजर’. कोणीही ‘म्याव करतं’ म्हणालं असतं आणि नऊ तोंडातून एकदम उत्तर आलं असतं. ती भावाकडे वळून म्हणाली, ‘दादा, तुझं बारावीचं हॉलतिकीट.’ आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय, शाई? पाणी? लोकलमध्ये हरवलं? आणि हा शांतपणे म्हणाला, ‘मांजर.’

लग्नाला चौदा वर्षं झाली, मला ही गोष्ट माहीतच नव्हती. मांजराने हॉलतिकिटावर काय केलं ते दोघंही अजून सांगत नाहीयेत.